ठिपका नसलेला बाण

उल्हासनगरच्या बाजारातल्या त्या सिंधी हार्डवेअरवाल्याकडे श्यामकांत पावसाळा सरल्यापासून चौथ्यांदा तारेचा ब्रश घ्यायला आला, तेव्हा दुकानदार हसला. "साईं, ब्रश खाते हो क्या?"

श्यामकांतला हसू आलं नाही. हल्ली त्याला कशाचंच हसू येत नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यात तो सुपरवायझर, राहायला बदलापूरला, आणि रविवारी 'डोंगरवाट मंडळा'चा सचिव. सचिव म्हणजे काय, तर लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस. नवख्या लोकांनी चंदेरीच्या डोंगरात वाट चुकू नये म्हणून मंडळ खडकांवर पांढरे बाण रंगवायचं. त्यातला एकच बाण गेले तीन महिने त्याच्या मानगुटीवर बसला होता.

मंडळाची एक रीत होती. एकानं बाण रंगवायचा. दुसऱ्यानं त्यावर भरवसा ठेवून अनोळखी माणसासारखं पुढे चालून पाहायचं, आणि वाट बरोबर निघाली तर परत येऊन बाणाच्या शेपटीशी एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे तपासलं. रंगवायचं काम श्यामकांतचं, ठिपक्याचं भगवानचं. भगवान अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या वस्तीतला, पोस्टात नोकरीला, स्वभावानं काटेकोर. ठिपका दिल्याशिवाय तो डबासुद्धा उघडायचा नाही.

जुलैत तो गेला. उंबराच्या फाट्यावर उजवीकडची वाट माथ्याला जाते आणि डावीकडची घळीत. तिसऱ्या दिवशी तो घळीच्या तळाशी सापडला, खिशात ब्रश तसाच. "पावसात एकटाच गेला, वाट चुकला," असं श्यामकांतनं सगळ्यांना सांगितलं.

खरी गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. आदल्या शनिवारी धुक्यात, घाईघाईत त्यानं फाट्यावरचा बाण डावीकडे रंगवला होता. घरी पोचल्यावर शंका आली, पण कबूल करायला जीभ रेटेना. "उद्या जाऊन फाटा तपासून ये," एवढंच तो भगवानला म्हणाला. भगवान आपल्या रीतीप्रमाणे बाणावर भरवसा ठेवून चालला. शोधायला गेलेल्यांत श्यामकांत सगळ्यांच्या पुढे होता, कारण इतरांनी पाहायच्या आत त्याला तो बाण खरवडायचा होता. तो त्यानं खरवडलाही.

पण पुढच्या रविवारी बाण पुन्हा तिथेच होता. डावीकडे तोंड, ठिपका नाही.

त्यानं खरवडला. परत आला. त्यावर काळा रंग फासला, तर काळ्यावर पांढरा उमटला. श्यामकांत डावखुरा, त्याच्या बाणाची शेपटी खाली पडायची. याचीही पडलेली.

"श्यामदादा, हात तर तुमचाच आहे," मंडळातली, शाळेत शिकवणारी उमा एकदा सगळ्यांदेखत म्हणाली. "मस्करी असेल तर बस करा आता. रविवारी आमच्या कॉलनीतली साठ माणसं येणार आहेत, निम्मी पोरं."

"मी कशाला काढीन? मला काय वेड लागलंय?" तो खेकसला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण यात संन्यासी कोण, या विचारानं त्यानं ते गिळलं.

रविवारी पहाटेच तो फाट्यावर पोचला आणि नव्या ब्रशनं खडक पांढरा पडेपर्यंत घासला. मग पाठपिशवी खाली ठेवून खडकाला पाठ लावून उभा राहिला. बाण गेला खड्ड्यात, आज आपण स्वतःच वाट दाखवू, असं त्यानं ठरवलं. नऊच्या सुमाराला धुकं खालून वर चढलं, आणि त्यातून पोरांचे आवाज येऊ लागले. उमा पुढे होती.

"उजवीकडे! सगळे उजवीकडे!" तो हात लांब करून ओरडत राहिला. पोरं एकेक करून समोरून जाऊ लागली.

तेवढ्यात रंगाचा वास आला. ताज्या ऑइलपेंटचा आणि टर्पेंटाइनचा. मग मागच्या खडकावर ब्रश ओढल्याचा आवाज... सावकाश, एकसारखा. त्याला मागे वळायचं होतं, पण हात खाली गेला तर पोरं डावीकडे वळतील या भीतीनं तो हलला नाही. आणि मग ओल्या ब्रशचा गारठा पाठीवर आला. कमरेपासून मानेपर्यंत एक लांब फटकारा. दोन आखूड. थोडा वेळ काहीच नाही... कोणीतरी चालून जाऊन परत यावं इतका वेळ. मग कमरेशी हलकंसं एक टोचणं.

साठच्या साठ माणसं सुखरूप वर गेली. त्यानं पाठ चाचपली तर सदरा कोरडा होता. खडकही कोरा होता.

संध्याकाळी तो बदलापूरला उतरलाच नाही. थेट अंबरनाथला, भगवानच्या आईकडे गेला. आज सांगूनच टाकायचं, असा त्यानं गाडीत दहादा निश्चय केला होता. भीमाबाईंनी त्याला बसायला दिलं, पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. ती माउली भेटेल त्याला एकच गोष्ट सांगायची, ती त्यालाही सांगितली.

"माझा भगवान असा कुठंबी पाय टाकनारा न्हवता रं. लोक म्हंत्यात येंधळा होता. तू तर वळखत होतास त्याला."

श्यामकांतनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मावशी, मला तुम्हाला..." स्वतःचाच संताप आला त्याला. "...सांगायचं होतं, आजचा ट्रेक चांगला झाला."

तो उठला, पिशवी हातात घेतली आणि दाराकडे वळला.

"थांब जरा. पाठीला काय लागलंय तुझ्या?"

तो उंबऱ्यातच थांबला. तिचं बोट त्याच्या पाठीला टेकलं.

"वला हाय की रं रंग. बान काढलाय कुनीतरी. शेपटी खाली पडल्याली, त्वांड वर, तुझ्याच मानंकडं." तिचं बोट खाली कमरेशी सरकलं. "आन शेपटीशी ठिपका..."

चहाचं आधण उतू गेल्याचा आवाज आला. ते बघायला दोघांतलं कुणीच हललं नाही.

"श्याम," ती अगदी हळू म्हणाली, "ठिपका तर माझा भगवानच देत हुता न्हवं?"