काकांच्या पेल्यातले पाहुणे

"बदला घ्यायचा म्हणजे घ्यायचाच!" मुक्ताईने जिन्यावर पाय आपटला.

आपटणारच! सुट्टी लागताच विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत निम्मी मुलं जुलाबांनी आडवी झाली. चेअरमन दिग्विजयकाकांनी लगेच फाटकावर पाटी ठोकली : 'गाडीवरची पाणीपुरी खाऊन सोसायटीच्या पाण्यास नावे ठेवू नयेत. पोट आपले, जबाबदारीही आपली.' वर गाडीही हटवली. ती गाडी मुक्ताईच्या बाबांची, भैरूकाकांची. तेव्हापासून ते घरी नुसते बसून होते.

"बाबा पाणी उकळून घेतात! आणि इथल्या टाकीचं झाकण तुटलंय, आत कबुतरांची घाण!"

"चेअरमनकाकांना सांगितलं," तिचा मित्र योगेश म्हणाला. "म्हणाले, अभ्यास कर. सुट्टीत!"

त्यांची मैत्रीण अपेक्षाने खेळण्यातल्या लेझरचं इवलंसं भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवलं आणि टाकीतल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला.

"ईऽऽ! वळवळतंय!"

"साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने असंच एका भिंगातून पाहिलं," अपेक्षा म्हणाली. "लोकांना पटेना. मग त्याने गावातल्या बड्या माणसांनाच भिंगाला डोळा लावायला लावला."

मुक्ताई हसली. अगदी दुष्ट हसली.

रविवारच्या सभेत मुलांनी मोबाईल प्रोजेक्टरला जोडला. आधी बाबांचं पाणीपुरीचं पाणी. पडद्यावर पुदिन्याचे कण दिसले, वळवळ काही नाही.

"आता सोसायटीचं. पण आम्ही आणलं तर डबक्यातलं म्हणाल. आपणच आणा ना, काका!"

काका ऐटीत उठले. हॉलच्या नळावर पेला भरून म्हणाले, "घ्या! आरशासारखं आहे!"

थेंब काचेवर पडला आणि पडद्यावर हातभर लांबीचे जीव सुळकन पळाले! बायकांनी तोंडाला पदर लावले.

मुक्ताईने उरलेला पेला काकांपुढे धरला. "प्या ना. पोट आपलं, जबाबदारीही आपली."

काका दोन पावलं मागे सरले! काय गंमत आली म्हणून सांगू!

"शाबास, पोरांनो!" सेक्रेटरी शर्मिलाताई उठल्या. "अहो दिग्विजयराव, टाकी आजच धुवायची, आपण स्वतः उभं राहून. आणि भैरूभाऊंची माफी मागायची."

संध्याकाळी गाडी पुन्हा फाटकाशी लागली. पाटी गेली होती. माफी मागून काकाच पहिलं गिऱ्हाईक झाले.

"बाबा, सरका. काकांची प्लेट मी करते."

पहिल्याच पुरीला काकांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. "हाऽऽ! पाणी! पाणी दे गं!"

"देते की," मुक्ताई अदबीने म्हणाली. "त्या पेल्यातलं शिल्लक आहे, चालेल?"