जित्याचा मरशिया

ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्याने आत्ताच जाऊन या. नंतर एकट्याने जायची कुणाची छाती होणार नाही, आणि सोबतीला मी उठणार नाही, माझे गुडघे दुखतात. फोन उपडे ठेवा. आज दिवाळीच्या आदल्या रात्रीची काळी चौदस नाही म्हणून सांगतो. त्या रात्री आपल्या सावरकुंडल्यात ही गोष्ट कुणी काढत नाही.

तर आपला देवशीभाई. एका सकाळी तो राजकोटच्या एसटीत बसला, साउंड कार्ड आणायला. घराच्या माडीवर त्याचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, तुम्ही पाहिलंय. भजनं, लग्नाची गाणी, भंगारवाल्यांच्या आरोळ्या, सगळं तो भरून द्यायचा. आवाजाचा कान मोठा तयार, पण लॅपटॉप जुना. माइक त्यात खोचला की गाण्यामागे सतत घूंss. भजनी मंडळी टोमणे मारायची, "देवशीभाई, भजन कुठलं आणि पिठाची गिरणी कुठली, तेवढं वेगळं करून द्या की!"

राजकोटच्या दुकानदाराने त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढा डबा ठेवला. म्हणाला, "संगणकाच्या पोटात पंखा फिरतो, वीज खेळते. त्या गोंगाटात बसून तो बिचारा ऐकणार काय? हा कान बाहेर काढलेला. यूएसबीची तार खोचा, माइक याच्यात लावा. आवाज आला की हिरवा दिवा, जास्त झाला की लाल. आणि हे बटण फार पिळू नका, नाहीतर मुंगी चाललेली ऐकू येईल."

घरी येऊन देवशीने लॅपटॉपला डबा जोडला, कानाला हेडफोन लावला. घूं गायब! इतकं स्वच्छ की खाली स्वयंपाकघरात मोंघी, म्हणजे त्याची बायको, भाकरी थापता थापता त्याच्या नावाने बोटं मोडत होती तेही ऐकू आलं. देवशी लहान पोरासारखा हसला. इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला चांगलं अवजार मिळालं की त्याची हाव वाढते.

त्याला हवा होता मरशिया. तुम्ही हल्लीची पोरं, तुम्हाला काय ठाऊक. माणूस गेला की बायका गोल उभ्या राहून, छाती बडवून, गेलेल्याचं नाव घेत जे गातात तो. आपल्याकडे कुणी मेल्याशिवाय तो गात नाहीत. शिकायचा तोही मयताच्या घरीच. आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या राणीमासारखा मरशिया पंचक्रोशीत कुणी गात नव्हतं. गेलेल्या माणसाचे वैरीसुद्धा रडायचे. तेवढा या डब्यात आला, की आपलं नाव अहमदाबादपर्यंत जाईल, असं देवशीच्या डोक्यात बसलं.

राणीमाने त्याला दोनदा हाकललं. "मुडद्या, कुणाचं नाव घालू त्यात? तुझ्या बापाचं? तो तर कधीच गेला. मरशियात नावाची जागा असते. ती रिकामी ठेवता येत नाही, आणि जित्याचं नाव घालता येत नाही."

राणीमाला एकच मुलगा, वजसूर. सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात. दिवाळीला यायचा तेवढाच. त्याची बायको आणि पोरं त्याच्याबरोबर तिकडेच.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी गल्ली कापूस वेचायला गेलेली असताना देवशी लॅपटॉप आणि डबा घेऊन राणीमाकडे गेला. म्हणाला, "मा, मरशिया राहू दे, एक भजन तरी म्हणा." म्हातारी दोन ओळी गायली. त्याने बटण फिरवून आवाज बरोबर जुळवून घेतला. दिवा हिरवा, लाल होत नाही, सगळं नीट पाहिलं. आणि मग... मग म्हणाला, "मा, सुरतेहून फोन आला होता. वजसूरभाई गेले."

हो, असंच. आधी आवाज जुळवला, मग बातमी दिली. थू त्याच्या जिनगानीवर.

म्हातारी उठून उभी राहिली. छातीवर पहिला हात पडला तो लाकडावर लाकूड आपटावं तसा. "तुझे जोडे उंबऱ्यात राहिले, वजसूर रे... आता वाट कोण चालेल, वजसूर रे..." देवशीच्याही डोळ्याला पाणी आलं. पण नजर दिव्यावर होती. हिरवा. हिरवा. हिरवा.

ती खाली बसली तेव्हा त्याने खिशातला फोन कानाला लावला, फोन आल्याचं सोंग केलं. "काय? दुसराच वजसूर? अरे मूर्खांनो! मा, चूक झाली, आपला वजसूर खुशाल आहे."

म्हातारीने मुलाला फोन लावला. "मा, जेवतोय गं," पलीकडून वजसूर म्हणाला. "चौदशीच्या रात्री बसमध्ये बसतो, दिवाळीला सकाळी घरी." तिने फोन ठेवला. बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिली. दिवा अजून लागलेला होता. तिला सगळं कळलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "माझं पोर मी यातून काढून घेतलं, देवशी. पण मरशिया एकदा गायला की त्याला कुणीतरी लागतं. पूस तो. माझ्यासमोर पूस."

देवशीने पडद्यावर पुसल्यासारखं केलं. खरं म्हणजे दुसरीकडे उतरवून ठेवला.

आली काळी चौदस. रात्रीची जेवणं झाली. मोंघीने रिवाजाप्रमाणे वडे तळले आणि घरातली कटकट बाहेर टाकायला चौकात निघाली. वडे ठेवायचे, भोवती पाण्याचं कडं काढायचं, आणि मागे वळून न बघता परतायचं. मुलगी हिरल आतल्या खोलीत झोपली होती, देवदिवाळीनंतर तिचं लग्न होतं. देवशी माडीवर गेला. डबा जोडला. माइक काढून फळीवर ठेवलेला. हेडफोन लावून त्याने मरशिया सुरू केला.

"तुझे जोडे उंबऱ्यात राहिले... रे..."

त्याने थांबवलं. पुन्हा लावलं.

"तुझे जोडे उंबऱ्यात राहिले... रे..."

वजसूरचं नाव नव्हतं. गाणं होतं, छातीवरचा हात होता, श्वास होता. नावाच्या जागी काही नव्हतं. खरखर नाही, दम नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

पण त्या जागेवर दिवा हिरवा होत होता.

म्हणजे आवाज होता. त्याला ऐकू येत नव्हता, एवढंच. दुकानदाराने काय सांगितलं होतं? बटण पिळू नका. देवशीने पिळलं.

आधी ऐकू आलं पाणी. ओतल्यासारखं, गोल फिरवत. मग पैंजण... मोंघीचे, चौकातून घराकडे येणारे. मग श्वास. झोपलेल्या माणसाचा. खालच्या खोलीतला.

माइक तर फळीवर होता. तार नुसती लोंबत होती.

आणि मग एक बाई... अगदी जवळ... बाजारात वांगी चाचपून बघावीत तशी नावं चाचपत होती.

"मोंघी... रे..."

हिरवा.

"हिरल... रे..."

लाल.

खाली हिरल खोकली. हेडफोनमध्येही खोकली. मग तिचा श्वास... थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला.

"हिरल... रे..."

तार उपटावी म्हटलं तर हात उचलेना. डबा बंद केला आणि तो श्वास आतच राहिला तर? राणीमाचं बोलणं आठवलं. त्याला कुणीतरी लागतं. नाव घालायला हवं होतं. कुणाचंही. त्याने माइक खोचला आणि तोंडाजवळ धरला.

स्वतःचं नाव घेता आलं असतं. ते ओठापर्यंत आलंही होतं. बाप होता ना तो? पण माणसाचा जीव... काय सांगू पोरांनो.

श्वास थांबला होता. या वेळी परत येत नव्हता.

"वजसूर," देवशी म्हणाला.

दिवा विझला.

खाली हिरल मोठ्याने उसासली, कूस बदलली. मोंघी दारातून ओरडली, "अहो, दिवे किती जाळता! झोपा आता!"

दिवाळीच्या सकाळी सुरतेची बस आली. सगळे उतरले. वजसूरची बायको दोन्ही पोरांना घेऊन उतरली, सामान काढलं आणि नवऱ्याला हाक मारली. तो खिडकीशी तसाच बसून होता. अंगावर ओरखडा नाही. बायको म्हणाली, अर्ध्या रस्त्यात एकदम ताठ बसले, कुणीतरी हाक मारल्यासारखे. मग डोकं खिडकीला टेकलं, वाटलं, झोपले.

घर भरलं. बायका गोल करून उभ्या राहिल्या, राणीमाची वाट बघत. म्हातारी उठली नाही. म्हणाली, "पोराला दोनदा नाही रडणार मी. माझा मरशिया देवशीच्या डब्यात आहे. घेऊन या त्याला."

दोघांनी देवशीला धरून आणलं. "मा, तुमच्यासमोर पुसला की हो!"

"मग लाव. पुसला असेल तर वाजणार नाही."

सगळी गल्ली बघत होती. त्याने डबा जोडला, स्पीकरची पेटी लावली.

"तुझे जोडे उंबऱ्यात राहिले..." म्हातारीचा आवाज आला. मग नाव आलं.

"वजसूर."

बाईच्या आवाजात नाही. देवशीच्या आवाजात. घाबऱ्या, घोगऱ्या आवाजात. प्रत्येक ओळीला राणीमा गायची आणि नाव देवशी घ्यायचा. वजसूरच्या बायकोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकही बाई रडली नाही. छाती बडवायला उचललेले हात तसेच राहिले.

शेवटची ओळ आली. "आता वाट कोण चालेल... रे..."

तिथे नाव नव्हतं. दिवा मात्र हिरवा झाला.

"एक जागा राहिली रे, देवशी," राणीमा म्हणाली. मग तिने पदर डोळ्याला लावला.

देवशीने दुकान मोडलं. लॅपटॉप विकला. डबा कुणी घेईना, आणि फेकायची त्याची हिंमत होईना. तार कापून कोनाड्यात ठेवलाय. माणूस जिवंत आहे, जाऊन बघा. पण घरात कुणाचं नाव घेत नाही. बायकोला 'अगं', मुलीला 'अगं'. हिरलला मुलगा झाला, सहा वर्षांचा आहे. आजोळी आला की त्याला नावाने हाक मारायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद आहे. पोर खेळताना विहिरीकडे पळालं तरी म्हातारा नुसत्या टाळ्या वाजवतो.

आणि दर काळ्या चौदशीला, मोंघी वडे ठेवून मागे न बघता परत येते तेव्हा, कोनाड्यातल्या त्या तार कापलेल्या डब्याचा दिवा लागतो. हिरवा. एक नाव घ्यायला लागेल, तेवढाच वेळ.