गाडीला ओरखडाही नव्हता

हे खरं आहे. पटवून द्यायची हौस नाही. ज्या दिवशी कळलं, तिथूनच सांगतो.

गुरुवार. संध्याकाळचे सव्वासात. मी छापखान्यातून नुकताच घरी आलो होतो. फोन वाजला. पोलीस होता.

"काळी इलेक्ट्रिक गाडी तुमचीच ना? गाडीला काही झालेलं नाही."

मग तो थांबला...

"बाई मात्र गेल्या."

बायको दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती. परत येताना वाटेत पाइपांसाठी रस्ता आडवा खणलेला. अंधारात तिला पुढचं दिसेना. तिने गाडी थांबवली, मोबाइलचा उजेड लावला आणि रस्ता बघायला पायी पुढे गेली.

तशीच चरात पडली.

मी पोहोचलो तेव्हा खाली तिच्या मोबाइलचा उजेड अजून चालू होता. वर गाडीचे दिवे निळे-पांढरे झगमगत होते. तो पोलीस म्हणाला, "दिवे भारी आहेत हो. कुठून बसवले?"

त्याच्या कानाखाली मारली नाही, याचा अजून राग येतो.

ते दिवे मीच बसवले होते. कंपनीचे धडधाकट दिवे काढून. अख्खा पगार घालून. चावी जवळ आली की ते उजळायचे, डावीकडून उजवीकडे पळायचे, दोनदा डोळा मारायचे.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, गाडीचे डोळे काढलेत आणि काजळ लावलंत."

आठवड्याने म्हणाली, "चार पावलांपुढचं दिसत नाही हो."

मी म्हटलं, "सवय होईल."

सवय होईल!

नंतर त्या दुकानात जाऊन ओरडलो. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "समोरच्याच्या डोळ्यांवर जातात, लोक भांडतात. म्हणून आम्ही खाली वाकवूनच बसवतो."

"आणि रस्ता?"

"साहेब, हे शोभेचे दिवे. रस्त्यावर खांब असतात की."

मेहुण्याने गाडी आमच्या इमारतीच्या तळघरात आणून लावली. तिसऱ्या दिवशी मी तिची डब्याची पिशवी काढायला खाली गेलो. पावणेसात झाले होते. तिची रोजची यायची वेळ.

गाडीपासून मी लांब होतो. माझी चावी घरीच विसरलो होतो. तिची कपाटात, सेल काढलेली.

तरी दिवे उजळले... पळाले... दोनदा मिचकले.

कुणीच नव्हतं.

मेहुणा म्हणाला, "भावजी, वायरिंगचा घोळ असेल." दुसऱ्या दिवशी त्याने दिव्यांना वीज देणाऱ्या छोट्या बॅटरीची तार सोडवली. आम्ही दोघे बाजूला उभे राहिलो.

पावणेसात.

तळघरातली हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचा आवाज थांबला...

दिवे उजळले.

"भावजी, तार माझ्या हातात आहे..."

समोरच्या भिंतीवर उजेड गुडघ्याएवढाच चढत होता. वर सगळा काळोख. मग चपलांचा आवाज आला. गाडीच्या दारापासून पुढे. सावकाश. चाचपडत.

आणि फरशीवर एक छोटा पांढरा गोल उजेड दिसला. मोबाइलचा असतो तेवढा.

तो इकडे तिकडे फिरत होता. रस्ता शोधत होता.

माझ्या तोंडून निघालं, "अगं, थांब. पुढे जाऊ नकोस."

गोल उजेड थांबला...

माझ्याकडे वळला. पायांवर आला. मग विझला.

मेहुणा आता तळघरात येत नाही. मी रोज जातो. रोज तेच म्हणतो. ती रोज थांबते, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून शोधायला लागते.

परवा माळा आवरताना कंपनीच्या जुन्या दिव्यांचं खोकं सापडलं. तिने ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले होते. वर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'परत बसवायचे.'

बसवले तर तिला रस्ता दिसेल. दिसला की ती जाईल.

काल खोकं खाली नेलं. पान्हा नेला. पावणेसात वाजून गेले आणि मी दोन्ही वर घेऊन आलो.

दिवे अजून बसवलेले नाहीत.