दिसून राह्यलो का?

हे खरं घडलं आहे. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. पडद्यावर दिसत नाही ते मी मानत नाही.

अडचण तीच आहे. हे पडद्यावर दिसलं.

गेल्या मार्चमधली रणरणती दुपार. सिंदी रेल्वे या गावाजवळचं एक कॉलेज. नाव देत नाही. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा होती आणि सगळं नेटवर्क रांगत होतं.

ते नेटवर्क बाबांनी उभं केलं होतं. दिवाळीनंतर बाबा गेले.

सर्व्हर रूममध्ये एकावर एक तीन स्विच, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या वायरी येऊन मिळतात ते डबे. मागून केबलने जोडलेले, तिघांचा मिळून एकच मेंदू. त्या मेंदूवरचा भार... नव्याण्णव टक्के.

"तुमच्या बाबाईचे डब्बे म्हातारे झाले, ताई," लॅब सांभाळणारा राकेश म्हणाला. "प्रिन्सिपल सर म्हणून राह्यले, आज नाई जमलं तर भंगारात."

मी केबल तपासल्या. कुठेही चुकीची जोडणी नव्हती. स्विच बंद करून चालू केले. थोडा वेळ शांत...

मग पुन्हा नव्याण्णव.

"आता काऊन?"

"माहीत असतं तर इथे घाम गाळत बसले असते का?"

शेवटी लॉगमध्ये, स्विचच्या नोंदींमध्ये सापडलं. एकच यंत्र आत्ता लायब्ररीच्या पोर्टवर, म्हणजे तिथली वायर स्विचला लागते त्या खाचेवर दिसायचं, लगेच ऑफिसच्या. मग लॅब. मग पुन्हा लायब्ररी. प्रत्येक उडीला स्विचना त्याची जागा नव्याने शिकावी लागत होती. त्यातच त्यांचा जीव जात होता.

"कुणीतरी लॅपटॉप घेऊन फिरतंय. बघून ये."

राकेश वैतागून परत आला. "कोणीच नाई, ताई. खोल्यांले कुलपं हायेत."

प्रत्येक यंत्राचा स्वतःचा, कुठेही नेलं तरी न बदलणारा एक पत्ता असतो. इतका वेळ मी तो नीट वाचलाच नव्हता.

तो मला पाठ होता.

बाबांचा लॅपटॉप... तो सेलूला, आमच्या घरी कपाटात आहे. बॅटरी फुगलेली. आईने त्यांच्या शर्टात गुंडाळून ठेवला आहे.

मी आईला फोन केला.

"हाये ना इथंच," ती म्हणाली. "काऊन वं?"

"काही नाही."

"ब्लॉक करा न तो पत्ता," राकेश म्हणाला. "एक कमांड मारा अन् मोकळ्या व्हा."

कमांड लिहिली. एंटर दाबवेना.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बाबा हेच करायचे. खोलीखोलीत जाऊन भिंतीतल्या सॉकेटला लॅपटॉप लावायचे. माझ्या कॉलेजला सुट्टी असली की मी इथे, याच खुर्चीवर बसायचे. ते फोनवर विचारायचे, "दिसून राह्यलो का, मोहिनी?"

मी "दिसता" म्हटलं की ती खोली झाली. उत्तर नाही मिळालं की चिडायचे, आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून.

राकेशला मी चहाला पाठवलं.

पडद्यावर लायब्ररी आली.

"दिसता, बाबा."

लायब्ररी गेली... परत आली नाही.

ऑफिस. "दिसता."

लॅब. "दिसता."

भार उतरत गेला. साठ. तीस. आठ.

मग शेवटचा पोर्ट उजळला. याच खोलीतला. त्याचं सॉकेट माझ्या खुर्चीमागे आहे.

त्यात वायर नव्हती, हे मी आल्या आल्याच पाहिलं होतं.

पत्ता तिथे थांबला. हलेना.

मी मागे वळले नाही.

फेरी इथेच संपायची. शेवटचं "दिसता" ऐकलं की बाबा लॅपटॉप मिटायचे आणि निघायचे.

मी तोंड उघडलं... आणि मिटलं.

परीक्षा सुरळीत झाली. स्विच भंगारात गेले नाहीत. एका जागी थांबलेल्या पत्त्याचा कुणाला भार होत नाही.

राकेश अधूनमधून फोन करतो. "ताई, त्या शेवटच्या पोर्टचा दिवा लुकलुकूनच राह्यला. वायर नाई, काई नाई. पोर्ट बंद करू काय?"

"राहू दे."

ते शेवटचं "दिसता" मी अजून म्हटलेलं नाही.

बाबांना उत्तरासाठी ताटकळायला कधीच आवडायचं नाही...