फोटोवाला म्हणून ये

"नातेवाईक म्हणून नको येऊस, वीरू... फोटोवाला म्हणून ये!"

ईश्वरअप्पांनी हे शब्द भिंतीकडं तोंड करून उच्चारले, आणि हळद दळणाऱ्या उमादेवीचा हात जात्यावरच थबकला. तिचा धाकटा दीर वीरुपाक्ष आदल्याच दिवशी मुंबईहून ताडकळसला आला होता. खांद्यावर रुळणारे, पिकू लागलेले केस, गळ्यात कॅमेरा... उंबऱ्याजवळ तो चोरासारखा बसला होता.

"जिंतूरचे व्याही लय कडक हायेत. नवरीचा सख्खा काका केस वाढवून गिटारवाल्यांच्या मागं हिंडतो, हे कळलं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. आन् तुला बोलवलं न्हाई तर महानंदा बोहल्यावर चढना म्हणायली! मी काय करू, तूच सांग!"

"येतो की, अण्णा. फोटोवाला तर हायच मी."

उमादेवीनं डोळ्यांना पदर लावला. हा माणूस चिडत का नाही?

चिडणार कोणत्या तोंडानं! वीस वर्षं तो मुंबईच्या एका इंग्रजी मासिकासाठी रॉक संगीतावर लिहीत होता, आणि लिहिण्याहून जास्त फोटो काढत होता. स्टेजखाली, कर्णकर्कश स्पीकरला पाठ लावून, घामानं निथळणाऱ्या गायकाचे डोळे मिटतात तो नेमका क्षण पकडण्यात त्याचा हातखंडा होता. असाच एक क्षण पकडायला तो अठ्ठ्याहत्तर साली थांबला होता... 'अप्पा अत्यवस्थ, ताबडतोब निघ' ही वडिलांच्या आजारपणाची तार खिशात असताना! विलायतेचा बँड त्या रात्री एकदाच वाजवणार होता. एका रात्रीनं काय होतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी निघून पिंगळी स्टेशनावर उतरला, तर नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद. पायी घरी पोचला तेव्हा वडिलांना समाधी देऊन झाली होती.

"पोरगा दंगलीत अडकला," असं ईश्वरअप्पांनी गावाला सांगितलं आणि भावाची अब्रू राखली. खरं काय ते वीरुपाक्षानं त्याच संध्याकाळी थोरल्याच्या पायावर डोकं ठेवून सांगून टाकलं होतं. त्यानंतर दोघे भाऊ मोकळेपणानं बोललेच नाहीत. त्या रात्रीच्या फोटोचा पुढे मोठा गौरव झाला, आणि प्रत्येक कौतुकासरशी वीरुपाक्षाची मान खाली जात राहिली. म्हणूनच आज अण्णांनी दिलेली शिक्षा त्याला कमीच वाटत होती.

जिंतूरच्या मांडवात शिरण्याआधी त्यानं गळ्यातलं, लिंगायत असल्याची खूण असलेलं इष्टलिंग सदऱ्याआड ढकललं. कपाळावरचं भस्म पुसताना मात्र हात अडखळला... पुसलं! "ओ फोटोवाले, इकडं या!", "आत्याबाईंचा एक काढा!" असा चहूकडून पुकारा होई, आणि हा "जी, जी" करत धावे. महानंदेच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा काकाचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले होते.

पंगत बसली. वऱ्हाडाची सरबराई करणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, "अप्पा, फोटोवाले आपल्यातले का?"

ईश्वरअप्पा खाली बघत म्हणाले, "न्हाई... मुंबईचे हायेत."

"मग बाहेर बसवा, बँडवाल्यांसंगं."

वीरुपाक्ष मुकाट बँडवाल्यांच्या ओळीत जाऊन बसला. त्यात त्याला कसला कमीपणा! जन्मभर तो वाजवणाऱ्यांच्या ताटाला ताट लावून जेवला होता. लाज वाटत होती ती निराळीच... 'होय, मी यांच्यातलाच,' म्हणायचा हक्क आपण आपल्या हातानं घालवला, याची! पहिल्या घासाआधी इष्टलिंगाला हात लावायचा, ही वडिलांनी लावलेली सवय. हात गळ्याकडं गेला, अर्ध्यातच थांबला आणि गुपचूप खाली आला.

आतल्या पंगतीतून ईश्वरअप्पा ते पाहत होते. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

जेवणं उरकली, घरच्या साऱ्यांचा फोटो काढायचं ठरलं. सगळे उभे राहिले, पण नवरी मान वर करीना.

"ताई, जरा इकडं बघा," वीरुपाक्ष परक्यासारखा म्हणाला.

"मला ताई म्हणू नका हो, काका!" महानंदेला हुंदका फुटला.

"काका?" व्याही ईश्वरअप्पांकडं वळले. "कोणाचे काका?"

"माझा भाऊ हाय! पाठचा, सख्खा!" ईश्वरअप्पांचा आवाज फाटला. "लाज वाटली म्हणून लपविला मी... आता माझीच मला लाज वाटायली!"

"अण्णा, राहू द्या... मी त्याच लायकीचा. अप्पांच्या वेळी मी..."

"अप्पा काय बोलले, ठाव हाय तुला? 'पोराला काम आलं असंल, त्याला बोलू नको'... हे त्यांचे शेवटचे शब्द! इतकी वर्षं मी ते तुला सांगितले न्हाईत, वीरू. सेवा मी केली आन् नाव तुझं निघालं, म्हणून जळलो मी!"

वीरुपाक्ष मटकन खाली बसला. त्या एका वाक्यासाठी तो किती तळमळला होता!

"नवरीचा काका आमच्या दारात बाहेर जेवला?" व्याही कडाडले. "ही तर आमची बेइज्जती हाय, अप्पा! आधी त्यांना आत आणा!"

ईश्वरअप्पांनी भावाला उठवलं आणि त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "जा, पोरीजवळ उभा राहा. मी काढतो."

"तुमाला जमायचं न्हाई, अण्णा..."

"मग दाखव की कसं काढायचं!"

थोरल्याची बोटं धाकट्यानं हातात धरून बटणावर ठेवली.

फोटो तिरका आला. व्याह्यांचा अर्धा फेटा कापला गेला आणि वीरुपाक्ष ओक्साबोक्शी रडताना दिसतो. ईश्वरअप्पांनी तोच फ्रेम करून ताडकळसच्या आपल्या किराणा दुकानात गल्ल्यामागं टांगला.

बाजाराच्या दिवशी कुणीतरी हटकून विचारतंच, "अप्पा, सारं घरदार हाय, मग तुमीच कसे न्हाईत ह्यात?"

"भाऊ हाय की," ईश्वरअप्पा म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाची साखर तोलायला घेतात.