एम्मेटचा ब्रेक

ऑरिन गॅरेजात शिरला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बाहेर ट्रकमागच्या ट्रेलरमध्ये त्याची घोडी, जुनिपर, कण्हत उभी होती. पोटात शिंगरू आडवं आलेलं. अंधार पडायच्या आत तिला घाटापलीकडच्या डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण मागे एवढं ओझं, आणि कोलोरॅडोतला तो उतार नुसत्या पायातल्या ब्रेकवर उतरायचा म्हणजे मरणाला आवतण देणंच.

"एक्झॉस्ट ब्रेकच हवा तुला," वेर्ना म्हणाली. गॅरेज आता ती एकटीच चालवायची. "पाय उचलला की झडप धूर कोंडते, मग इंजिनच गाडीला मागं खेचतं. पण नवा मंगळवारी येईल."

"मंगळवारपर्यंत घोडी वाट बघेल होय?"

वेर्नाने जरा वेळ हात पुसले. मग वरच्या फळीवरून एक जड लोखंडी वस्तू काढली. धूळ बोटभर होती, पण आतली झडप सहज फिरत होती.

"एम्मेटचा आहे. बघ, चालत असेल तर."

एम्मेट तिचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी ट्रकसकट याच घाटात गेला. हा ब्रेक त्याने बसवला, पण बटण कधी दाबलं नाही. 'तीस वर्षं गिअरवर उतरलोय, ही खेळणी पोरांना द्या,' म्हणायचा. न वापरलेली वस्तू म्हणजे नवीच की, ऑरिनला वाटलं. गरजवंताला अक्कल नसते.

वेर्नाने तासाभरात तो ब्रेक ऑरिनच्या ट्रकला बसवून दिला. घाटाचा माथा ओलांडला तसं धुकं उतरलं. ऑरिनने बटण दाबलं. खालून घुरघुर उठली आणि गाडी शहाण्यासारखी हळू झाली. त्याला बरं वाटलं. चौदाव्या मैलाचा खांब मागे पडला. पुढे ब्रेक फेल झालेल्या गाड्यांसाठी खडीचा चढ आहे, हे त्याला ठाऊक होतं. चढ आला नाही. वळण आलं, आणि पुन्हा चौदाव्या मैलाचा खांब.

तिसऱ्यांदा तो खांब दिसला तेव्हा त्याने बटण बंद केलं. घुरघुर थांबली नाही. पायातला ब्रेक दाबला, जळका वास केबिनभर झाला, तरी गाडी थांबेना. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मागे घोडीच्या टापा फळ्यांवर आपटत होत्या.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"बटण दाबतोय, भावा… काहीच होत नाही."

"कोण बोलतंय?"

"केव्हाचा उतरतोय… तुझ्याकडं वाजतोय ना, तो माझा आहे…"

पुन्हा खांब. पाचव्यांदा की सहाव्यांदा, कोण जाणे.

"घे," ऑरिन कसाबसा म्हणाला. "तुझाच आहे. घे, पण घोडीला जाऊ दे…"

घुरघुर तुटली. गाडी सुसाट सुटली, आणि धुक्यातून खडीचा चढ समोर आला. ऑरिनने स्टिअरिंग वळवलं. चाकं खडीत रुतली, ट्रक थांबला.

ऑरिनने वायरलेसवरून मदत मागितली. डॉक्टर स्वतःचा ट्रेलर घेऊन आला आणि जुनिपरला घेऊन गेला. ट्रक ओढून काढायला वेर्ना आली. साखळी लावण्याआधी ती खाली वाकली, आणि बराच वेळ उठलीच नाही.

"ब्रेक कुठंय?" तिने विचारलं.

ऑरिनने वाकून पाहिलं. ब्रेकच्या जागी धुराची सलग नळी होती, जुनी, गंजलेली, कुणी कधी हात न लावल्यासारखी.

"वेर्ना, एम्मेटने बटण कधी दाबलंच नव्हतं ना?"

"तसंच वाटायचं मला." ती खडीतच बसली. "म्हणून तो गेला त्याच्या आदल्या दिवशी काढून ठेवला मी. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हटलं… त्याला सांगायचं राहून गेलं."

वर धुक्यात तीच घुरघुर ऐकू आली. एक अवजड गाडी सावकाश, नीट उतरत होती. चौदाव्या मैलाच्या खांबापाशी आली, आणि त्यांच्या दिशेने वळली.