चपलांची तोंडं

“लग्नाला चार महिने झाले नाहीत आणि ही मेलेल्यांची ताटं मांडतेय. त्यात अमावास्या. तू काही बोलत नाहीस?” दमयंतीकाकू स्वयंपाकघरात सौमित्रला विचारत होत्या. जपानी फ्लॅटच्या भिंती किती पातळ असतात, हे तीस वर्षं इथे राहून त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

“एका दिवसाचं खूळ आहे, काकू,” माझा नवरा म्हणाला.

बावीस डिसेंबर २०१४, सेंदाई. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. माझ्या जपानीच्या वर्गातली रूता लिथुआनियाची, निसर्गपूजक. त्यांच्यात या रात्री खिडकीत दिवा लावतात आणि गेलेल्या माणसाचं ताट मांडतात. कोणीही मांडावं. मुलगाच लागतो असं नाही, गोत्र कोणी विचारत नाही. आईचं वर्षश्राद्ध दादानं पुण्यात केलं, तेव्हा मला “तू आता त्या घरची” म्हणून बाजूला बसवलं होतं.

म्हणून ही माझी पहिली तयारी. मेणबत्ती सौमित्रनं आगीचा भोंगा वाजेल म्हणून काढली आणि बॅटरीचा दिवा ठेवला. ताटाशी ठेवायची युझूची लिंबासारखी फळं चहात पिळली. शिवाय काका-काकूंना जेवायला बोलावलं. उरले आईच्या आवडीचे भोपळ्याचे घारगे, आणि दारात तिच्या जुन्या चपला. इथल्या रीतीनं, तोंडं दाराकडे.

नीलकंठकाका जेवता जेवता म्हणाले, “आमच्या लॅबमध्ये हेमचंद्र होता.” बाहेर केव्हाच काळोख झाला होता. गोष्ट माझ्यासाठी होती, हे कळत होतं.

“त्सुनामीनंतरच्या दुसऱ्या वर्षी त्याला समुद्राकडच्या रस्त्यावर स्वस्तात घर मिळालं. सर्वपित्रीला त्यानं एक पान वाढलं. ज्यांचं कोणी उरलं नाही, त्यांच्यासाठी. मीठ संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, त्या रात्रंदिवस उघड्या दुकानात, जाऊन आला. बघतो तर दारात कोणाचे तरी बूट. ओले. तोंडं घराकडे.”

“बरं,” सौमित्र म्हणाला.

“पाहुण्याचे बूट इथे दाराकडे वळवून ठेवतात. जाताना सोपं पडतं. त्यानं वळवले. आत हाक मारली. कोणी नाही. मागे वळला... तोंडं घराकडे.”

काकूंनी शाल ओढून घेतली.

“पुन्हा वळवले. दिवा लावून आला. पुन्हा घराकडे. ज्याला परत जायचंच नसतं, त्याचे बूट...”

काकांनी पाण्याचा घोट घेतला.

“त्याच रात्री तो आमच्याकडे आला. अनवाणी.” मग माझ्याकडे बघून, “आपण बोलावतो एकाला, बाळ. येतं कोण...”

मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त घारगे गार होताना दिसत होते.

काका-काकू निघाले म्हणून आम्ही सगळे दारात आलो. काकांनी स्वतः आल्या आल्या नीट लावलेले दोघांचे बूट तसेच होते, तोंडं दाराकडे. आईच्या चपलांची तोंडं घराकडे होती.

जेवणावरून कोणी उठलं नव्हतं.

“तू केलंस?” सौमित्रनं हळूच विचारलं. मी मान हलवली. नाही.

काका सवयीनं वाकले. हात चपलांपर्यंत गेला आणि...

संध्याकाळभर मी एक शब्द बोलले नव्हते.

“वळवू नका, काका,” मी म्हणाले. “माझ्या घरी आलीय ती.”